नोकरी लागली, आता विचारायचं कुणाला?

नागपुरात नोकऱ्यांची चर्चा निघाली की ती आकड्यांनी सुरू होते आणि आकड्यांवरच संपते. मिहानमध्ये किती कंपन्या आल्या, बुटीबोरीत कोणता प्रकल्प येणार, किती हातांना काम मिळणार. ही चर्चा हवीच. विदर्भाच्या वाट्याला इतकी वर्षं जे आलं नाही, ते मागितलंच पाहिजे. पण यातली एक नोकरी ज्या पोराला किंवा पोरीला खरोखर लागते, त्याचं किंवा तिचं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय होतं, हे कुणी विचारत नाही. पेढे वाटून झाले की घर, कॉलेज आणि शहर, तिघंही निश्चिंत होतात.

मला त्या पेढ्यांनंतरच्या काळाबद्दल लिहायचं आहे. या शहरातल्या खाजगी कंपन्यांमध्ये माझी नोकरीची बरीचशी वर्षं गेली. नवी मुलं माझ्या हाताखाली आली, काही वर चढली, बरीच पुण्याला आणि हैदराबादला निघून गेली. जी गेली त्यांच्याबद्दल आपण सरसकट म्हणतो, ‘जास्त पगार मिळाला असेल.’ कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा त्यांना इथे पुढचा रस्ताच दिसलेला नसतो, आणि रस्ता दाखवू शकेल असं कुणी त्यांच्या ओळखीचं नसतं.

माझं म्हणणं असं आहे. शंभराच्या वर माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तरुण कर्मचाऱ्यांचा, त्यांनीच निवडलेला आणि त्यांनीच चालवलेला एक गट असावा. त्याच्या बैठकीचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा. आणि लहान कंपन्यांनी, दवाखान्यांनी, सीएंच्या कार्यालयांनी मिळून असे गट उभे करावेत. मोठ्या कंपन्यांत ‘एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप’ नावाचं काहीतरी कागदावर असतं. त्या कागदाबद्दल मी बोलत नाही.

आधी ही मुलं येतात कुठून ते पाहू. नागपूरच्या ऑफिसात बसलेल्या पंचविशीतल्या दहा जणांना घरी वडील किंवा आई काय करतात ते विचारा. कुणाचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कुणाचे एसटीत वाहक, कुणाचे वेकोलित म्हणजे कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीत, कुणाचे अजनीला रेल्वेत, कुणाची आई अंगणवाडी सेविका, कुणाची वर्ध्याकडे किंवा यवतमाळकडे चार-पाच एकर शेती. या घरांना नोकरी म्हणजे काय ते चांगलं कळतं, पण ती सरकारी नोकरी. सेवाज्येष्ठतेची यादी, जुलैची वेतनवाढ, विभागीय परीक्षा, बदलीचा अर्ज, जीआर. त्या जगात घरून मिळणारा सल्ला अगदी बरोबर असतो: मान खाली घालून काम कर, साहेबाच्या तोंडी लागू नको, तुझा नंबर येईल. तिथे नंबर खरोखर येतो, कारण यादी भिंतीवर लावलेली असते.

खाजगी कंपनीत भिंतीवर यादी नसते. तिथे नंबर मागावा लागतो, तोही कुणाकडे, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायचा हे ठाऊक असावं लागतं. घरातला प्रामाणिक सल्ला इथे मुलांच्या आड येतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली एक मुलगी माझ्या टीममध्ये होती. क्लायंटचा महिनाअखेरचा अहवाल दर वेळी अडकायचा आणि सगळ्यांना रात्री जागवायचा. तो तिने एकटीने, कुणी न सांगता, मार्गी लावला. वर्षाच्या शेवटी स्वतःच्या कामाचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिने तीन ओळी लिहिल्या: दिलेलं काम वेळेत पूर्ण केलं, टीमला सहकार्य केलं, नवीन गोष्टी शिकले. अहवालाचा उल्लेखही नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, आपल्याच तोंडानं आपली तारीफ करणं बरं दिसते का?’ तिच्या शेजारच्या मुलाने दोन पानं भरून लिहिलं होतं. त्याचा मोठा भाऊ बंगळुरूला अशाच कंपनीत होता. त्या मुलाने खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की त्याचा मॅनेजर वरच्या बैठकीत तोच फॉर्म समोर ठेवून बोलणार, आणि फॉर्ममध्ये जे नाही ते त्या बैठकीपुरतं घडलेलंच नसतं.

हे भावाने सांगितलं म्हणून एकाला कळलं. दुसरीला भाऊ नव्हता. दोघांच्या हुशारीत फरक नव्हता, पण पगारात पडला, आणि पुढच्या वर्षीची वाढ त्या पगारावर मोजली जाते, म्हणजे तो फरक दर वर्षी थोडा वाढत जातो.

अशा किती तरी गोष्टी आहेत. ऑफर लेटरवरचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आणि बँकेत पडणारी रक्कम यात एवढं अंतर का. बॉन्डवर सही करताना काय वाचायचं. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर दुसरीकडे बोलणी कधी सुरू करायची. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसल्यावर गप्प राहायचं की रिसोर्स मॅनेजरला मेल टाकायचा. कंपनीतल्याच दुसऱ्या विभागात जागा निघाली तर आपल्या मॅनेजरला आधी सांगायचं की नंतर. इंडक्शनच्या दोन दिवसांत यातलं काहीच सांगत नाहीत. तिथे कंपनीचा इतिहास, मूल्यं आणि पासवर्ड कसा बदलायचा एवढं होतं.

मग हे ज्ञान फिरतं कुठे? चहाच्या टपरीवर. आयटी पार्कच्या मागे, मिहानच्या गेटबाहेर, वर्धा रोडला कुठेतरी गाड्या लावून. ‘अबे, त्या प्रोजेक्टमधून निघ, तिथे सडून राहशील,’ हे वाक्य तिथेच ऐकायला मिळतं, आणि ते वर्षभराच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त मोलाचं असतं. टपरीबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे कोण उभं असतं ते पाहा. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, ज्यांना घरी जायची घाई नाही, जे सिगारेट ओढतात किंवा ओढणाऱ्यांत उभे राहू शकतात, आणि ज्यांची शिफ्ट एकच आहे. कंपनीची कॅब ठरल्या वेळी सुटते आणि मुली त्या कॅबमध्ये बसून मानेवाडा, नंदनवन, जरीपटक्याला निघून जातात. टपरीवर जे बोललं जातं ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतं तेव्हा ती जागा भरलेली असते.

आणि आडनावाचं काय? नागपूरच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्याचं पूर्ण नाव विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण उत्तर ऐकल्यावर गप्पांचे गट पडतात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा ते ठरतं आणि माहितीही त्याच वाटेने वाहते. सरकारी नोकरीत आरक्षण आहे, रोस्टर आहे. खाजगी कंपनीत आत शिरायला आरक्षण नाही, आणि आत शिरल्यावर आतली माहिती कोणाला मिळावी याचाही नियम नाही. घरातली पहिलीच खाजगी नोकरी करणारा दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातला मुलगा त्या ऑफिसात सगळ्यात एकटा असतो. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षण, चळवळ आणि संघटन ही त्रिसूत्री सांगितली. शिक्षण या मुलांनी घेतलं. संघटनाचा भाग मात्र ऑफिसच्या काचेच्या दारापाशी थांबला आहे. ज्या गटात यायला आडनाव, कॉलेज किंवा गाडी लागत नाही, ज्याची वेळ आणि जागा सर्वांना आधीपासून ठाऊक असते, असा उघडा गट या कोंडीवरचा एक साधा उपाय आहे. टपरी ज्याला आत घेत नाही, त्याच्यासाठी तो आहे.

ओळखीपाळखीबद्दल आपला एक समज पक्का असतो: जवळचा माणूस कामी येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, नुकती नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना विचारलं की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. १९७३ साली त्यांनी मांडलेले आकडे असे: नेहमी भेटणारा १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के, क्वचित भेटणारा २७.८ टक्के. कारण उघड आहे. जवळचा मित्र आपल्याच वर्तुळात असतो, त्याला जे ठाऊक ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून. आता आपल्या फ्रेशरचं वर्तुळ बघा: त्याच कॉलेजची मुलं, त्याच बॅचची, त्याच प्रोजेक्टवर, खामल्याला किंवा त्रिमूर्तीनगरला एकाच फ्लॅटमध्ये राहणारी. चौघांना मिळून एकच माहिती असते. दुसऱ्या मजल्यावरच्या टेस्टिंगवाल्या ताईंशी किंवा वित्त विभागात आठ वर्षं काढलेल्या दादांशी महिन्यातून एकदा गाठ पडणं, हे त्याच्यासाठी रूममेटपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, आणि ती गाठ आपोआप पडत नाही. कुणीतरी ती घडवून आणावी लागते.

असे गट जगात सुरू झाले तेही काही वाढदिवसाचे केक कापायला नव्हे. १९६४ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात वांशिक दंगली झाल्या. झेरॉक्स ही त्याच शहरातली कंपनी, आणि जोसेफ विल्सन तिचे प्रमुख. पुढे कंपनीने कृष्णवर्णीयांची भरती वाढवली, पण आत आलेल्यांना वागणुकीत आणि बढतीत भेदभाव सोसावा लागला. तेव्हा त्यांनी एकत्र येऊन १९७० साली ‘नॅशनल ब्लॅक एम्प्लॉयीज कॉकस’ उभा केला. आजच्या सगळ्या कर्मचारी गटांचं मूळ तिथे सांगितलं जातं. म्हणजे हा प्रकार जन्मला तो आत आलेल्या पण वर न जाऊ शकणाऱ्या माणसांच्या मागणीतून.

आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं काय झालं? ८ मार्चला गुलाबाचं फूल, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, दिवाळीला रांगोळी, योगदिनाला सतरंज्या, आणि लगेच फोटो. सण साजरे करायला माझा विरोध नाही. माणसं त्यानेही जवळ येतात. पण कंपनीच्या वार्षिक अहवालात हेच ‘कर्मचारी गटाचे उपक्रम’ म्हणून छापलं जातं तेव्हा मला राग येतो. त्या साड्या नेसलेल्या मुलींपैकी किती जणींना पुढच्या पायरीवर जायला काय लागतं हे ठाऊक आहे, हे त्या अहवालात कधीच नसतं.

यामागे कायद्याचीही एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी बोलत नाही. अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने मालकाने चालवलेल्या, पोसलेल्या कामगार संघटनेला मनाई केली, आणि पगार, कामाचे तास, तक्रारी यांवर मालकाशी बोलणारी कर्मचारी समितीसुद्धा त्या व्याख्येत येऊ शकते. त्यामुळे तिथल्या कंपन्या आपल्या गटांना पगार आणि तासांच्या विषयापासून जपून दूर ठेवतात. तिथे त्याला कारण आहे. पण तोच साचा त्या कंपन्यांच्या भारतातल्या शाखांमध्ये जसाच्या तसा आला आणि गप्प राहण्याची सवयही सोबत आली. मालकाने पोसलेल्या युनियनला आपला कायदाही अनुचित प्रथा मानतो. पण मालक आणि कामगारांनी एका टेबलाशी बसण्याची व्यवस्था आपल्याकडे कायद्यानेच सांगितली: १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंची कार्य समिती स्थापन करायला सरकार सांगू शकतं, अशी तरतूद होती, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. बोलण्याची परंपरा आपली आहे. इंजिनिअर, अकाउंटंट आणि डेटा ॲनालिस्ट स्वतःला कामगार समजत नाहीत, म्हणून ती त्यांच्यापर्यंत आली नाही.

आणि नागपूरकरांनी तर हे विसरूच नये. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये त्या गिरणीने कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. देशात भरपाईचा कायदा आला १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनी. हे सगळं मालकाच्या दूरदृष्टीतून आलं. कामगारांचा स्वतःचा आवाज नंतर उमटला. १९२९ मध्ये आयटक या देशव्यापी कामगार संघटनेचं अधिवेशन नागपुरात, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलं, आणि सरकारच्या कामगार आयोगाशी सहकार्य करायचं की नाही अशा प्रश्नांवरून संघटना इथेच फुटली, ना. म. जोशी आणि व्ही. व्ही. गिरी बाहेर पडले. कोणाबरोबर बसायचं आणि काय मागायचं, हा वाद या शहराने जवळजवळ शतकापूर्वी एवढ्या गांभीर्याने घातला आहे. आज गिरणीच्या जागी मॉल उभा आहे आणि शनिवारी तिथे फिरायला येणाऱ्या तरुण नोकरदारांना यातलं काही सांगणारं कुणी नाही.

तरीही गट चालवायचा कसा, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. विदर्भातली कुठलीही शिक्षकांची किंवा कर्मचाऱ्यांची पतसंस्था घ्या. सभासदांची यादी, निवडणूक, ठराविक मुदतीचं संचालक मंडळ, बैठकीचं इतिवृत्त, लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि त्या सभेत उठून प्रश्न विचारणारा एखादा खडूस सभासद. माझ्या कल्पनेतला गट या पतसंस्थेच्या धर्तीवरचा आहे. एचआरने चार हसऱ्या चेहऱ्यांची नेमणूक करायची आणि त्यांना टी-शर्ट वाटायचे, हा प्रकार मला नको. निवडणूक हवी. एकाच माणसाने दोन वर्षांहून जास्त पद धरू नये. काय बोलणं झालं ते लिहिलं जावं आणि प्रत्येकाला वाचता यावं.

वेळेचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवते, कारण गट मरतात ते तिथेच. ‘ऑफिस सुटल्यावर भेटू’ म्हटलं की मुली गळतात, लहान मूल असलेले गळतात, कामठी आणि बुटीबोरीहून येणारे गळतात, रात्रपाळीवाले तर मुळातच नसतात. महिन्याला दोन तास, कामाच्या वेळेत, टाइमशीटवर त्यांचा स्वतःचा कोड असलेले, आणि प्रत्येक शिफ्टसाठी वेगळे. ज्या कंपन्या प्रत्येक तास क्लायंटच्या बिलाला लावतात त्यांना हे जड जाईल. पण जो वेळ टाइमशीटवर नाही त्याची कंपनीला किंमत नाही, हे आत काम करणाऱ्या प्रत्येकाला समजतं. दोन तासांचा कोड दिला नाही तर बाकीच्या घोषणांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

या दोन तासांत काय व्हावं? पहिल्या बैठकीत मी ॲप्रेझलचा, म्हणजे वर्षअखेरच्या मूल्यमापनाचा, कोरा फॉर्म पडद्यावर लावीन आणि गेल्या वर्षी बढती मिळालेल्या दोघातिघांना, त्यांची हरकत नसेल तर, त्यांनी काय लिहिलं होतं ते दाखवायला सांगीन. दुसऱ्या बैठकीत ज्याला बढती मिळाली नाही अशा एखाद्या अनुभवी माणसाला बोलवीन. यशस्वी लोकांची भाषणं आपल्याकडे पुरेशी होतात.

इंग्रजीवर मात्र मी जास्त वेळ घालवीन. नागपूरच्या ऑफिसात आपसात मराठी-हिंदीची सरमिसळ चालते आणि काम उत्तम चालतं. क्लायंटचा कॉल सुरू झाला की अर्धी टीम म्यूटवर जाते. प्रश्न येतो, उत्तर त्या कोपऱ्यातल्या मुलीला ठाऊक असतं, ती चॅटवर टीम लीडला लिहून देते आणि टीम लीड ते वाचून दाखवतो. क्लायंटच्या लेखी उत्तर टीम लीडचं. वर्षभर हेच चाललं की ती ‘कामाला चांगली, पण क्लायंटसमोर नको’ या रकान्यात जाते आणि तिथून बाहेर निघणं फार अवघड असतं. बाहेरच्या शिकवणीला पैसे भरून हे सुटत नाही, कारण तिथे व्याकरण शिकवतात. तिला हवी असते ती आपल्याच प्रोजेक्टबद्दल, आपल्याच शब्दांत, चुकत-माकत बोलून बघायची जागा, जिथे हसणारं कुणी नाही आणि मार्क देणारा मॅनेजर नाही. सहा महिने दर पंधरा दिवसांनी आठ-दहा जणांनी एकमेकांना नुसता डेमो दिला तरी पुढच्या कॉलवर म्यूट काढायचं धाडस येतं. यासाठी वेगळ्या बजेटची गरज नाही.

गटाने काय करू नये हेही सांगितलं पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार गटाने हाताळू नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे, तिची अध्यक्ष महिला असते आणि किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. गटाचं काम एवढंच की त्या समितीत कोण आहे, हे नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात ठाऊक असावं. तसंच कामावरून काढणं, जबरदस्तीने राजीनामा घेणं, थकलेला पगार, हे प्रश्न आले की तरुणांनी वकिलाकडे, कामगार आयुक्तांकडे किंवा संघटनेकडे जावं. ‘आमच्याकडे गट आहे, मग युनियन कशाला’ असं एखादी कंपनी म्हणू लागली तर त्या गटातल्या निवडून आलेल्यांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारावं.

मालकांची एक शंका मी नेहमी ऐकते: शिकवून तयार केलं की ही पोरं पुण्याला पळतात. पळतात, खरं आहे. आता तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, नागपूरहून पश्चिमेकडे जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. पण न शिकवलेलीही पळतात, आणि त्यांच्यातली हुशार आधी पळतात. जे थांबतात ते का थांबतात हे विचारलं तर ऐकू येतं: आईवडील इथे आहेत, घर इथे आहे, पुण्यात अर्धा पगार भाड्यात जातो. म्हणजे थांबायची इच्छा पुष्कळांना आहे. त्यांना कमी पडते ती खात्री, की इथेच राहूनही चाळिशीपर्यंत मोठं काम करता येईल. ती खात्री एचआरच्या भाषणातून मिळत नाही. याच शहरात, याच कंपनीत दहा-बारा वर्षं राहून वर गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलल्यावर मिळते. आणि ज्या ठिकाणी असा एकही माणूस सापडत नाही, तिथे मुलांनी निघून जावं हेच बरोबर. गटामुळे ते त्यांना दोन वर्षं आधी कळेल.

तरुणांचीही एक शंका आहे आणि ती जास्त खरी आहे. ‘मॅडम, आधीच दहा-दहा तास काम करून राहिलो, त्यात हे आणखी कुठे?’ गटाचं काम पुन्हा त्याच तीन-चार मुलींवर पडतं, ज्या निरोप समारंभाची वर्गणीही गोळा करतात. म्हणून हे काम ॲप्रेझलमध्ये मोजलं गेलं पाहिजे. आणि गटाला सल्ला देणारा जो वरिष्ठ असेल, त्याच्या स्वतःच्या वार्षिक उद्दिष्टांत एक ओळ असावी: या गटातल्या किती जणांना तुम्ही पुढच्या पायरीसाठी तयार केलंत. वरिष्ठांना प्रश्न विचारला गेला की ते बैठकीला येतात.

आता ज्या भागाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे तो. नागपूरचा बहुतेक तरुण मोठ्या कंपनीत नाहीच. तो वीस माणसांच्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये आहे, धंतोलीतल्या खाजगी दवाखान्यात परिचारिका किंवा लॅब टेक्निशियन आहे, सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतो आहे, हिंगण्याच्या कारखान्यात डिप्लोमा ट्रेनी आहे, आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅन काढतो आहे. तिथे गट करायला माणसंच नाहीत, आणि मालक समोरच्या टेबलावर बसलेला असतो. मालकांच्या संघटना मात्र सगळीकडे आहेत. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजकांच्या संघटना आहेत, नागविदर्भ चेंबर आहे. डॉक्टरांची आयएमए आहे. तरुण व्यावसायिकांत निवासी डॉक्टरांकडे मार्ड ही त्यांची संघटना आहे, आणि विद्यावेतन असो की वसतिगृहाची अवस्था, मेडिकलचे डॉक्टर एका आवाजात बोलू शकतात ते त्यामुळेच. सीएच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या संस्थेची विद्यार्थी शाखा आहे. पण खाजगी दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा लहान फर्ममधल्या प्रोग्रामरला विचारायला कुणीच नाही.

इथे कंपन्यांच्या भिंतींबाहेरचे गट लागतील, व्यवसायानुसार: लहान सॉफ्टवेअर फर्ममधले, दवाखान्यांतले, डिझाइन आणि बांधकामातले, कारखान्यांतले. यासाठी उद्योजक संघटनांकडे सभागृहं आहेत. व्हीएनआयटी, एलआयटी आणि इतर महाविद्यालयांकडे रविवारी रिकाम्या राहणाऱ्या वर्गखोल्या आहेत आणि माजी विद्यार्थ्यांच्या याद्या आहेत. आयआयएम नागपूर मिहानमध्येच आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ॲप्रेझल, पगाराची बोलणी, करारनामा वाचणं यावर मराठीत सत्रं घेतली तर फी भरून आत जाऊ न शकणाऱ्या कितीतरी जणांचा फायदा होईल. एक अट मात्र हवी: गट कॉलेजच्या नावाने होऊ नये. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे ज्यांना आधीच ओळखी आहेत त्यांच्या ओळखी वाढवतात. यवतमाळच्या एखाद्या लहान कॉलेजातून आलेल्या मुलाला व्हीएनआयटीच्या वर्गात तितक्याच हक्काने बसता आलं पाहिजे.

लहान मालकांकडून मी एवढंच मागते: महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तीननंतर आपल्या माणसांना पगार न कापता सोडा, आणि ती तिथे काय बोलतात ते सोमवारी विचारू नका. मोठ्या कंपन्यांची ॲप्रेझलं मार्च-एप्रिलला होतात. त्यांनी जानेवारीत निवडणूक घेतली तर फॉर्म भरायच्या आधी गटाच्या दोन बैठका होऊ शकतात, आणि येत्या वर्षी तीन ओळी लिहिणारे काही जण तरी आपलं काम नीट मांडतील.